घोडा का अडला? दोष स्वाराचा आहे, हे जगाला पटवून देणारा इटालियन कॅप्टन

लहानपणी आपण सगळ्यांनी एक कोडं ऐकलेलं असतं. भाकरी का करपली, पान का सडलं आणि घोडा का अडला? तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच. फिरवलं नाही म्हणून.

भाकरीचं आणि पानाचं ठीक आहे. पण घोड्याच्या बाबतीत सव्वाशे वर्षांपूर्वी इटलीच्या एका लष्करी अधिकाऱ्याने वेगळंच उत्तर काढलं. त्याचं म्हणणं असं की घोडा अडतो तो बहुतेक वेळा पाठीवर बसलेल्या माणसामुळे.

त्या काळी हे बोलणं म्हणजे उभ्या घोडदळाला शिंगावर घेण्यासारखं होतं. कारण तोपर्यंत घोडा अडला की चूक घोड्याचीच, हे ठरलेलं होतं. त्याला टाच मारायची, चाबूक दाखवायचा, लगाम आवळायचा आणि पुन्हा अडथळ्यावर घालायचा.

या माणसाचं नाव होतं फेदेरिको काप्रिल्ली. आज जगात कुठंही घोडा अडथळ्यावरून उडी मारत असेल, तर त्याच्या पाठीवरचा माणूस कमी-अधिक फरकाने काप्रिल्लीने सांगितल्यासारखाच बसलेला असतो.

पण त्याची गोष्ट सुरू करण्याआधी आजच्या एका स्पर्धेत डोकावून येऊ. म्हणजे त्याने नेमकं काय बदललं ते कळेल.

मोबाईलवर रील बघताना कधीतरी हे दृश्य तुमच्यासमोर आलं असेल. हिरवंगार रान, मध्ये आडवा टाकलेला जाडजूड ओंडका आणि त्याच्या रोखाने दौडत येणारा घोडा. ओंडका जवळ आला की स्वार खोगिरातून किंचित उचलला जातो, पुढे झुकतो, त्याचे हात घोड्याच्या मानेबरोबर पुढे सरकतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत दोघं पलीकडे गेलेले असतात.

या खेळाला इव्हेंटिंग म्हणतात. घोडेस्वारीतला हा तिहेरी पेपर आहे. एकाच घोड्याने आणि एकाच स्वाराने तीन परीक्षा द्यायच्या.

पहिली परीक्षा ड्रेसाजची. आखून दिलेल्या मैदानात घोडा किती शिस्तीत आणि किती सहज चालतो, वळतो, थांबतो ते बघितलं जातं. दुसरी क्रॉस कंट्री. म्हणजे रानातून दौडत जायचं आणि ओंडके, चर, चढ-उतार, पाण्याची डबकी असे पक्के अडथळे पार करायचे. तिसरी शो जम्पिंगची. इथं रंगीत दांड्यांचे अडथळे असतात आणि धक्का लागला की दांडी खाली पडते.

गुणांचा हिशोब मात्र उलटा आहे. ज्याचे दंडाचे गुण सर्वात कमी, तो जिंकला.

शो जम्पिंगमध्ये दांडी पडली की ४ गुणांचा दंड. क्रॉस कंट्रीत घोडा अडथळ्यापुढे अडला की २० गुणांचा. त्याच अडथळ्यापुढे दुसऱ्यांदा अडला की ४० आणि तिसऱ्यांदा अडला की स्पर्धेतून बाहेर. स्वार पडला तरी बाहेर.

थोडक्यात काय, तर अख्ख्या स्पर्धेचा निकाल त्या जुन्या कोड्यावर येऊन थांबतो. घोडा का अडला?

ब्रिटनमध्ये या खेळाच्या एका पायरीला नोव्हिस म्हणतात. नाव नवशिक्यांचं असलं तरी काम सोपं नाही. इथं क्रॉस कंट्रीचे अडथळे १ मीटर १० सेंटिमीटरपर्यंत उंच असतात. पाच-सहा वर्षांचे तरणे घोडे मोठ्या स्पर्धांच्या वाटेवर याच पायरीवर तयार होतात.

अशा तरण्या घोड्याच्या अंगात ताकद भरपूर असते. कमी असतो तो भरवसा.

पाण्याचं डबकं समोर आलं की ते वीतभर खोल आहे की पुरुषभर, हे त्याला कळत नाही. चर दिसला की आत काय बसलंय याची त्याला खात्री नसते. शिवाय घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. नाकासमोरची अगदी जवळची गोष्ट त्याला नीट दिसत नाही. अडथळ्याचा अंदाज घ्यायचा तर त्याला मान वर-खाली करावी लागते.

अशा वेळी पाठीवरच्या माणसाने घाबरून लगाम ओढला तर?

मान अडकते, तोंडात कळ येते, पाठीवर माणसाचं वजन आदळतं. उडी मारली की दुखतं, एवढा एकच धडा तो घोडा त्या दिवशी शिकतो. पुढच्या वेळी तो अडथळा लांबून बघूनच पाय रोवतो, नाहीतर घाबरून बेफाम सुटतो.

आजचे प्रशिक्षक ही गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवतात. १८९० साली ती कुणीच शिकवत नव्हतं.

फेदेरिको काप्रिल्लीचा जन्म १८६८ साली इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लिव्होर्नो या बंदराच्या शहरात झाला. इटली हा एकसंध देश म्हणून उभा राहून तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. नव्या देशाला नवं सैन्य हवं होतं आणि सैन्यात सगळ्यात जास्त रुबाब घोडदळाचा होता.

काप्रिल्ली किशोरवयातच लष्करी शाळेत दाखल झाला. तिथून मोडेनाच्या लष्करी अकादमीत गेला. त्याला घोडदळात जायचं होतं, पण तिथंच माशी शिंकली.

त्याची शरीरयष्टी घोडेस्वारीला योग्य नाही, असा शेरा त्याच्यावर मारला गेला. धड मोठं आणि पाय त्यामानाने आखूड. त्या काळच्या समजुतीप्रमाणे चांगला स्वार म्हणजे लांब पायांचा, घोड्याच्या पोटाला दोन्ही बाजूंनी विळखा घालून ताठ बसणारा गडी. काप्रिल्ली त्या साच्यात बसत नव्हता.

तरीही तो घोडदळात पोहोचला. पिएमोन्ते रेआले या जुन्या रेजिमेंटमध्ये तो अधिकारी झाला आणि पुढच्या शिक्षणासाठी पिनेरोलोला गेला.

पिनेरोलो म्हणजे तोरिनोजवळचं, आल्प्सच्या पायथ्याचं गाव. तोरिनो म्हणजे आपण ज्याला इंग्रजीच्या वळणाने ट्युरिन म्हणतो ते शहर. पिनेरोलोमध्ये इटलीच्या घोडदळाची मुख्य शाळा होती. तिथं चेझारे पादेर्नी नावाचे नावाजलेले उस्ताद शिकवायचे. घोड्याला रिंगणात गोळा करून, मान वर वळवून, पावलापावलावर ताबा ठेवून चालवायची जुनी युरोपीय विद्या ते शिकवत.

दिसायला ही विद्या देखणी होती. घोटाळा व्हायचा तो रिंगणाबाहेर, उघड्या रानात.

तेव्हाची उडी मारायची पद्धत अशी. रिकिबी लांब सोडलेल्या. अडथळा आला की स्वार पाय पुढे ताणायचा, अंग मागे टाकायचा आणि लगाम ओढून घोड्याचं डोकं वर उचलायचा. इतका मागे, की कधी कधी त्याची पाठ घोड्याच्या पुठ्ठ्याला टेकायची.

यामागे एक समजूत होती. उडीनंतर सगळा भार घोड्याच्या बारीक पुढच्या पायांवर आला तर ते मोडतील. म्हणून स्वाराने मागे झुकून पुढचा भाग हलका करायचा आणि लगामाच्या जोरावर घोड्याला उचलून धरायचं. पिढ्यानपिढ्या हे असंच चालत आलं होतं. शिकारीच्या जुन्या इंग्रजी चित्रांतही स्वार असेच मागे कललेले दिसतात.

काप्रिल्लीने एक साधी गोष्ट केली. पाठीवर कुणी नसताना घोडा कशी उडी मारतो ते त्याने निरखून पाहिलं.

मोकळा घोडा अडथळ्याजवळ येताना मान खाली करून अंदाज घेतो. मागच्या पायांनी जमीन रेटतो. हवेत असताना मान पुढे ताणतो आणि पाठीची कमान करतो. आणि उतरतो पुढच्याच पायांवर. दरवेळी. ते पाय मोडत नाहीत. मान वर-खाली करून तो आपला तोल सांभाळतो, दोरीवरून चालणारी डोंबाऱ्याची पोर हातातल्या काठीने सांभाळते तसा.

म्हणजे उडी कशी मारायची हे घोड्याला जन्मापासून येतं. माणूस पाठीवर बसून ज्याला मदत समजत होता, ती सगळी आडकाठी होती.

लगाम ओढल्याने मान अडकत होती. मान अडकल्याने पाठीची कमान होत नव्हती. पाठ खोल गेल्याने मागचे पाय अडथळ्याला घासत होते. मागे कललेला माणूस उतरताना नेमका घोड्याच्या कमरेवर आदळत होता.

मग माणसाने काय करायचं? काप्रिल्लीचं उत्तर सोपं होतं. घोड्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं.

रिकिबी आखूड करायच्या. मांड गुडघ्यांवर आणि रिकिबीतल्या पायांवर पेलायची. उडीच्या वेळी बूड खोगिरातून उचलायचं, अंग पुढे न्यायचं आणि हात घोड्याच्या तोंडामागोमाग सोडायचे. घोड्याचा तोल जिथं जाईल तिथं आपला तोल न्यायचा.

गंमत बघा. ज्या आखूड पायांमुळे हा माणूस घोडदळाला नालायक ठरत होता, त्या पायांना शोभणारीच बैठक त्याने शोधून काढली.

साधारण याच काळात सपाट मैदानावरच्या शर्यतींतही बदल होत होता. टॉड स्लोन नावाचा अमेरिकन जॉकी १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये गेला आणि आखूड रिकिबींवर पुढे वाकून बसू लागला. लोकांनी आधी त्याला माकड म्हणून हिणवलं आणि नंतर त्याची नक्कल केली. पण स्लोनला वेग हवा होता. काप्रिल्लीपुढचा प्रश्न वेगळा होता. त्याला खाचखळग्यांतून माणूस आणि घोडा दोघंही धडधाकट पलीकडे न्यायचे होते.

त्याची खरी परीक्षा कोऱ्या घोड्यांवर होती. ज्यांना अजून काहीच शिकवलेलं नाही असे तरणे घोडे त्याच्या हाताखाली यायचे. आपल्याकडे अशा घोड्यांना तयार करणाऱ्या माणसाला चाबूकस्वार म्हणतात. या चाबूकस्वाराला चाबकाची गरज कमीच पडायची.

तो आधी घोड्याला जमिनीवर ठेवलेल्या दांडीवरून नुसतं चालवायचा. मग दुडक्या चालीने न्यायचा. मग दांडी थोडी वर. लगाम सैल, मान मोकळी, घाई नाही. घोडा स्वतः बघेल, स्वतः अंदाज घेईल, चुकेल आणि स्वतःच सुधारेल. स्वाराने फक्त दिशा द्यायची, वेग राखायचा आणि मध्ये लुडबूड करायची नाही.

रिंगणातली गोळा करून चालवायची विद्या त्याने जवळपास बाजूलाच ठेवली. रानात जाणाऱ्या घोड्याला तिचा उपयोग नाही, उलट अपायच होतो, असं त्याचं ठाम मत होतं.

आणि इथंच वरिष्ठांशी त्याचं बिनसलं.

विचार करा. एक तरुण अधिकारी येतो आणि ज्या विद्येवर अख्ख्या शाळेची प्रतिष्ठा उभी आहे, ती विद्या युद्धाच्या मैदानात निकामी आहे असं सांगतो. उस्तादांनी उभं आयुष्य घालून मिळवलेलं ज्ञान तो एका दांडीवर उडी मारून मोडीत काढतो. कुठल्याही सैन्यात, कुठल्याही कचेरीत अशा माणसाचं जे होतं तेच त्याचंही झालं. त्याची बदली झाली. पिनेरोलोपासून लांब, दक्षिण इटलीत.

या बदलीमागे त्याच्या प्रेमप्रकरणांची चर्चा होती, असंही सांगितलं जातं. काप्रिल्ली देखणा आणि धाडसी होता, त्याच्याभोवती किस्से जमायला वेळ लागत नसे. कारण काहीही असो, मुख्य शाळेपासून तो तुटला.

पण ही बदली त्याच्या पथ्यावर पडली. शाळेत उस्तादांचा पहारा होता. इथं साधी रेजिमेंट होती, साधे घोडे होते आणि खेड्यापाड्यांतून आलेले साधे शिपाई होते. आपली पद्धत निवडक अधिकाऱ्यांपुरती आहे की कुणालाही जमेल, हे ताडून बघायला याहून चांगली जागा नव्हती.

घोडदळात दरवर्षी नवे शिपाई भरती होत आणि त्यांना थोड्या महिन्यांत स्वार करायचं असे. जुनी विद्या शिकायला वर्षं लागत. अर्धवट शिकलेला शिपाई लगामाला लोंबकळायचा आणि घोड्याचं तोंड फाडायचा. काप्रिल्लीची पद्धत शिकायला सोपी होती, कारण तिच्यात माणसाने काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही याची यादी मोठी होती.

१९०१ मध्ये त्याने आपलं म्हणणं घोडदळाच्या मासिकात लेख लिहून मांडलं. त्याच्या लिखाणात महत्त्वाचं एवढंच. तो लिहिणारा माणूस नव्हता. दिवसाचा वेळ पागेत आणि रानात घालवायचा.

मग आलं १९०२ साल.

तोरिनोमध्ये आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी स्पर्धा भरली. वेगवेगळ्या देशांच्या सैन्यांतले अधिकारी तिथं जमले होते. त्यांच्यासमोर काप्रिल्ली मेलोपो नावाच्या घोड्यावर बसून आला.

समोर अडथळा होता २ मीटर ८ सेंटिमीटर उंचीचा.

दोन मीटर आठ म्हणजे जवळपास सहा फूट दहा इंच. घराच्या दाराच्या चौकटीएवढं. आणि हा माणूस लगाम आवळून घोड्याला उचलणार नव्हता, तर लगाम सोडून देणार होता.

मेलोपो गेला. दांडी वर आणि घोडा पलीकडे.

ही उडी अधिकृत विक्रमांच्या वहीत गेली नाही. पण बघणाऱ्यांना जे कळायचं ते कळलं. घोड्याला मोकळं सोडलं तर तो कमी नाही, जास्त उंच जातो, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. घोडामैदान जवळच होतं आणि परीक्षा होऊन गेली होती.

काप्रिल्लीचा एक फोटो आजही इंटरनेटवर फिरतो. मोकळ्या जागेत एक साधी लाकडी खुर्ची ठेवलेली आहे आणि तो घोड्यावरून ती ओलांडतोय. आजूबाजूला ना कुंपण ना दांड्या. घोड्याला मनात आणलं तर तो खुर्चीच्या डावीकडून किंवा उजवीकडून आरामात जाऊ शकतो. तरीही तो सरळ जातो. भरवसा म्हणजे काय, हे दाखवायला तो एक फोटो पुरे आहे.

यानंतर वारं फिरलं. १९०४ च्या सुमारास काप्रिल्ली पुन्हा शाळेत शिकवायला आला. ज्या पद्धतीपायी तो बाजूला पडला होता, तीच पद्धत इटलीच्या घोडदळाने आपली म्हणून स्वीकारली.

पिनेरोलोच्या जोडीला रोमजवळ तोर दी क्विंतो इथं घोडदळाची दुसरी शाळा होती. रिंगणातलं शिकून झालेले अधिकारी तिथं उघड्या रानात शिकायला जात. तिथल्या उभ्या उतारांवरून घोडे खाली उतरतानाचे फोटो बघितले तर आजही पोटात गोळा येतो. कड्यासारख्या उतारावरून घोडा बसत-घसरत खाली येतोय आणि स्वार तिथंही पुढेच झुकलेला आहे. तोल घोड्याचा, तो त्यालाच सांभाळू दे, हा नियम काप्रिल्लीचे लोक इतका टोकाला नेत.

आता सगळं मनासारखं होणार असं वाटत होतं. वय चाळिशीच्या आत. पद्धत मान्य झालेली. परदेशातले अधिकारी इटलीत शिकायला यायला लागलेले.

डिसेंबर १९०७. तोरिनो. कडाक्याची थंडी.

काप्रिल्ली एका घोड्याची चाचणी घेत होता. उडी नव्हती, दौड नव्हती, उतार नव्हता. घोडा साध्या चालीने चालत होता. काप्रिल्ली त्याच्यावरून खाली पडला आणि डोक्याला जबर मार बसला. ६ डिसेंबर १९०७ रोजी त्याचा मृत्यू झाला.

दोन मीटरच्या दांड्यांवरून आणि कड्यासारख्या उतारांवरून सुखरूप आलेला माणूस चालत्या घोड्यावरून पडून गेला. वय होतं फक्त ३९.

त्याने मोठा ग्रंथ लिहिला नव्हता. मागे राहिले ते काही लेख, टिपणं आणि विद्यार्थी. पण हे विद्यार्थीच त्याची विद्या घेऊन जगभर गेले.

रशियाचा पॉल रॉझ्यान्को इटलीत शिकून गेला. रशियन अधिकाऱ्यांच्या संघाने लंडनमध्ये किंग एडवर्ड कप १९१२, १९१३ आणि १९१४ असा सलग तीन वर्षं जिंकला, त्यात तो होता. रशियात क्रांती झाल्यावर त्याचा देश सुटला. पुढे १९२८ पासून त्याने आयर्लंडच्या लष्करी स्वारांना तयार केलं.

अमेरिकेचा हॅरी चेंबरलिन तोर दी क्विंतोला शिकला. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये इव्हेंटिंगचं सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकन संघात तो होता. त्याच ऑलिम्पिकमध्ये शो जम्पिंगचं वैयक्तिक रौप्यही त्याने मिळवलं. सुवर्ण मिळालं जपानच्या ताकेइची निशीला, आणि निशीचा युरेनस हा घोडा त्याने इटलीतूनच विकत घेतला होता.

खुद्द इटलीच्या तोमाझो लेक्विओने १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये शो जम्पिंगचं सुवर्ण जिंकलं. पिएरो सांतिनी नावाच्या इटालियन अधिकाऱ्याने काप्रिल्लीचे विचार इंग्रजीत आणले आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगाला तो माणूस माहीत झाला.

एक गोष्ट मात्र काप्रिल्लीला बघायला मिळाली नाही. त्याने हे सगळं केलं होतं ते युद्धासाठी. त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि मशीनगन, काटेरी तार आणि खंदकांपुढे घोडदळाचा जमाना संपत गेला. ज्या कामासाठी ही बैठक शोधली गेली ते कामच उरलं नाही.

बैठक मात्र उरली, खेळात.

इव्हेंटिंगचा उगमही घोडदळातलाच. ज्या १९०२ साली मेलोपोने तोरिनोमध्ये उडी मारली, त्याच साली फ्रान्समध्ये लष्करी घोड्यांची एक स्पर्धा झाली. त्या स्पर्धेला आजच्या इव्हेंटिंगची सुरुवात मानतात. अधिकाऱ्याचा घोडा संचलनात शिस्तीचा आहे का, लांबचं अंतर कापून अडथळे पार करतो का आणि एवढं करूनही धडधाकट राहतो का, हे त्यात तपासलं जायचं. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये इव्हेंटिंग पहिल्यांदा आलं, तेव्हा स्वार लष्करी अधिकारीच होते. पुढे सामान्य नागरिक आले आणि १९६४ पासून स्त्रियाही. आज या खेळात स्त्रिया आणि पुरुष एकाच गटात, बरोबरीने खेळतात.

आपल्याकडेही या खेळाची नाळ सैन्याशीच जुळलेली आहे. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण मिळवलं आणि भारताने सांघिक सुवर्णही जिंकलं. त्यानंतर घोडेस्वारीतलं वैयक्तिक पदक मिळायला ३६ वर्षं लागली. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये फवाद मिर्झाने इव्हेंटिंगमध्ये रौप्य मिळवलं, आणि सांघिक रौप्यही भारताला मिळालं.

आता प्रश्न असा की काप्रिल्लीचं सगळंच बरोबर होतं का?

तर नाही. खोल उतारावर किंवा पाण्यात उडी घेताना आजचे स्वार पुढे झुकत नाहीत. ते अंग सरळ किंवा थोडं मागे ठेवतात आणि लगाम बोटांतून घसरू देतात. घोडा अडखळला तर स्वार त्याच्या मानेवरून पुढे फेकला जाऊ नये म्हणून.

रिंगणातल्या विद्येवरही त्याने जरा जास्तच राग धरला होता. आज इव्हेंटिंगची पहिली परीक्षाच ड्रेसाजची असते. वळणं घेणारा, वेग कमी-जास्त करणारा, स्वाराचं हलकंसं सांगणं ऐकणारा घोडाच पुढच्या अडथळ्यांना नीट सामोरा जातो, हे अनुभवाने कळलंय. पिनेरोलोचे जुने उस्ताद आणि त्यांच्याशी भांडणारा तरुण अधिकारी, दोघांचीही विद्या आज एकाच घोड्याला, एकाच स्पर्धेत शिकून यावं लागतं.

पण मधल्या एका गोष्टीला मात्र कुणी हात लावला नाही. हवेत असताना घोड्याची मान त्याची असते. लगाम मागे घेणारा उतारावरचा स्वारसुद्धा तो बोटांतून सोडतो, तो याचसाठी.

म्हणून नोव्हिस स्पर्धेत एखादा पाच वर्षांचा घोडा पाण्याच्या डबक्यापुढे पाय रोवून उभा राहतो, पाटीवर २० गुणांचा दंड लागतो, तेव्हा जाणता स्वार चाबकाला हात घालण्याआधी स्वतःचा हिशोब करतो. मी घाबरलो का? मी लगामाला लटकलो का? त्याला बघायला वेळ दिला का? मागच्या अडथळ्यावर मी त्याच्या कमरेवर आदळलो का?

कधी कधी घोडाही चुकलेला असतो. पण हिशोबाची सुरुवात स्वतःपासून करायची सवय काप्रिल्लीने लावली.

मग स्वार घोडा वळवतो, दोन क्षण शांत चालवतो, लगाम जरा सैल करतो आणि पुन्हा येतो. घोडा मान खाली घालतो, पाणी हुंगतो, कान टवकारतो. आणि एक पाय आत टाकतो.

जुन्या कोड्याचं उत्तर चुकलेलं नाही. घोडा फिरवावा लागतोच. काप्रिल्लीने त्यात एवढीच भर घातली की फिरवताना लगाम कुठं सोडायचा ते पाठीवरच्याला कळलं पाहिजे.